उपेक्षितांचें जीवन आणि आजचे चित्रपट

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें शिरूरकडे येऊं लागलें म्हणजे वाटेंत भीमा नदी लागते. नदी ओलांडण्यापूर्वीं पेरणे गांवाच्या हद्दींत एक उंच दगडी स्तंभ दिसतो. आणि नदी ओलांडली कीं आमच्या शिरूर तालुक्यांतील कोरेगांव येतें. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कंपनी सरकारची एक पलटण कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालीं शिरूरच्या छावणींतून निघाली, रात्रभर चालली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोरेगांवीं पेशव्यांच्या फौजेशीं तिची गांठ पडली. त्या लढाईंत पडलेल्या कंपनीच्या शिपायांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला गेला. त्यावर ४९ नांवें कोरलेलीं आहेत. त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा प्रत्यय आहे. महार समाजांतील पुरुषांच्या नांवांचा तो जुना प्रत्यय होय. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशीं आले, आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तेव्हांपासून या दगडाचा अर्थच पालटला. परकीय सरकारनें आपल्या जयाची खूण म्हणून जो उभारला, तो एका समाजाच्या स्वाभिमानाची खूण झाला.

मी जन्मानें शिरूरचा. अकरावीची जुनी मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली, आणि सारी नोकरी शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत केली. या स्तंभावरून मी शेंकडों वेळां गेलों असेन. पण एकदांही उतरलों नाहीं. १ जानेवारीस रस्त्यावर गर्दी असते, गाड्या अडकतात, म्हणून त्या दिवशीं पुण्यास जाऊं नये, एवढेंच आमच्या घरीं ठाऊक होतें. त्या गर्दींत कोण येतें, कोठून येतें, आणि लेंकरें कडेवर घेऊन बाया एवढ्या लांबून कां येतात, हें मला प्रथम समजलें तें एका चित्रपटामुळें. सोमनाथ वाघमारे या तरुण दिग्दर्शकानें २०१७ सालीं या ठिकाणावर एक माहितीपट पुरा केला. माझ्या गांवापासून तासाभराच्या वाटेवरची गोष्ट मला पडद्यावर पाहावी लागली, याची मला लाज वाटली. आणि आज आपल्यापुढें बोलण्याचें कारणही तीच लाज आहे.

आजच्या भाषणाचा विषय आहे, उपेक्षित समाजाचें जीवन, इतिहास आणि लढे दाखविणारे आजचे चित्रपट. ते कसे घडतात, पूर्वीच्या चित्रपटांहून वेगळे कां वाटतात, आणि ते पाहणाऱ्यावर कोणती जबाबदारी पडते, हें मी माझ्या अल्पमतीप्रमाणें सांगणार आहें. मी चित्रपटांचा पंडित नव्हे, शाळामास्तर आहें. परंतु मुलांचे चेहरे वाचण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला पडद्यावरचे चेहरेही थोडेबहुत वाचतां येतात.

प्रथम मागचें थोडें पाहूं. मराठी चित्रपटानें अस्पृश्यतेचा प्रश्न कधीं हाताळलाच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कोल्हापुराहून १९३३ सालीं पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक होते आणि संत एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनीं केली होती. चित्रपटाचें मूळ नांव ‘महात्मा’ होतें. तें त्या वेळच्या सरकारी परीक्षकांना खपलें नाहीं, म्हणून तें बदलावें लागलें. अस्पृश्याच्या घरीं जेवावयास जाणारा एकनाथ त्या काळीं पडद्यावर आणणें हें धैर्याचेंच काम होतें. मी हा चित्रपट फार पुढें दूरदर्शनवर पाहिला, आणि डोळे भरून आले.

पण आतां विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्या चित्रपटांत आपण कोणाच्या बरोबर चालतों? एकनाथाच्या. ज्याच्या घरीं एकनाथ जेवतो, त्याच्या मनांत काय चाललें आहे, हें आपल्याला विचारावेंसेंही वाटत नाहीं. कळवळा आहे, पण तो उंबरठ्याच्या बाहेरून आंत पाहणारा आहे. पुढील कित्येक वर्षें अशींच गेलीं. गरीब, दलित, भटका, आदिवासी हे पडद्यावर आले ते बहुधा कोणा थोर मनाच्या नायकाचें थोरपण दाखविण्यापुरते. आजच्या चित्रपटांनीं नेमका येथें बदल केला आहे. कॅमेरा उंबरठ्याच्या आंत गेला आहे, आणि आंतून बाहेर, म्हणजे आपल्याकडे, पाहूं लागला आहे.

याचें जवळचें उदाहरण म्हणजे ‘फँड्री’. दौंडहून सोलापूरच्या गाडींत बसलें, भिगवण मागें टाकलें, कीं थोड्या वेळानें जेऊर स्टेशन लागतें. करमाळा तालुक्यांतील हें जेऊर म्हणजे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचें गांव. २०१३ सालीं त्यांनीं हा आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट तयार केला. २०१४ च्या आरंभीं तो चित्रगृहांत लागला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीं असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, व जब्याचें काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलींतील शब्द. त्याचा अर्थ डुक्कर.

गोष्ट साधी आहे. जब्या शाळेंत जातो. वर्गांतील शालू नांवाची वरच्या जातीची मुलगी त्याला आवडते. काळी चिमणी धरून तिची राख त्या मुलीवर टाकली तर ती वश होते, असें कोणी सांगितलें म्हणून तो रानोमाळ चिमणीमागें हिंडतो. त्याचा बाप कचरू गांवांतील पडेल तें हलकें काम करतो. गांवच्या जत्रेंत डुकरांनीं विटाळ करूं नये म्हणून तीं धरण्याचें काम या कुटुंबावर येतें, आणि तेंही शाळेसमोर, शालूच्या देखत. डुक्कर हातीं लागणार, इतक्यांत शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. तें सारें कुटुंब जागच्या जागीं स्तब्ध उभें राहतें, आणि डुक्कर निसटून जातें. राष्ट्राचा मान राखणारीं हीं माणसें. त्यांचा मान मात्र कोणी राखीत नाहीं. शेवटीं धरलेलें डुक्कर काठीला बांधून तीं शाळेच्या भिंतीवरून नेतात, आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर यांच्यासारख्या थोर पुरुषांचीं चित्रें रंगविलेलीं असतात. तसलीं चित्रें मींही माझ्या शाळेच्या भिंतींवर मुलांकडून रंगवून घेतलीं आहेत.

आणि येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. चाळीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेचें नांव सांगत नाहीं. मागासवर्गीय मुलांची शिष्यवृत्ति वाटावयाची असली म्हणजे मी वर्गांत यादी वाचीत असें. नांव, त्यापुढें जात. मुलानें उभें राहावयाचें, टेबलापाशीं यावयाचें आणि सही करावयाची. मला त्यांत कांहीं वावगें वाटत नसे. सरकारचा पैसा ज्याचा त्याला चोख पोंचवितों, या समाधानांत मी असें. टोपल्या विणणाऱ्या घरांतला एक हुशार मुलगा त्या दिवशीं हटकून गैरहजर राही. मीं त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली, पालकाला बोलावून घेतलें, ‘सरकार देतें आणि तुमचा मुलगा घ्यावयासही येत नाहीं’ म्हणून चार शब्द सुनावले. बाप मान खालीं घालून ऐकून गेला.

‘फँड्री’ मीं चित्रगृहांत पाहिला. जब्या आपलीं माणसें डुकरामागें धांवत असतांना भिंतीच्या आडोशाला तोंड लपवून बसतो. तें पाहतांना मला एकदम तो मुलगा आठवला. पुढें दौंडच्या स्टेशनवर त्याची गांठ पडली; आतां तो चांगल्या नोकरींत आहे, मुलगी महाविद्यालयांत आहे. मीं त्याला जुनी गोष्ट विचारली. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, पैसे हवे होते, उभें राहावयाचें नव्हतें.” एवढें बोलून त्यानें मला चहा पाजला. अध्यापनाच्या पुस्तकांत जें मला कोणी शिकविलें नाहीं, तें या एका वाक्यांत होतें. मी जें औदार्य समजत होतों, त्याला दुसरी एक बाजू होती, आणि ती बाजू मला वर्गांतल्या माझ्या जागेवरून दिसत नव्हती. चित्रपटानें माझी बसावयाची जागा बदलली. त्यानें केलें तें एवढेंच, पण तें थोडें नव्हे.

‘फँड्री’च्या अखेरीस जब्या चिडून दगड भिरकावतो, आणि शेवटचा दगड थेट पडद्यांतून आपल्या अंगावर येतो. पुष्कळांना तो आवडला नाहीं. आम्ही तिकीट काढून, सहानुभूति घेऊन आलों, आणि आम्हांलाच दगड? असें एक गृहस्थ बाहेर पडतांना म्हणाले. मला वाटतें, तो दगड तितक्याचसाठीं आहे. तोंपर्यंत आपण त्या हंसणाऱ्या गांवकऱ्यांहून स्वतःला निराळें समजत असतों.

याच दिग्दर्शकाचा ‘सैराट’ २०१६ सालीं आला, आणि त्याच्या गाण्यांवर नाचलें नाहीं असें खेडें आमच्या बाजूस उरलें नाहीं. परंतु वरातींत गाणीं वाजविणारे लोक त्याचा शेवट बहुधा विसरतात. अर्ची आणि परश्या यांचा संसार मांडला जातो, मूल होतें, माहेरचीं माणसें भेटीस येतात. आणि मग पडद्यावर कोणताही आवाज न होतां त्या लहान मुलाचीं रक्तानें माखलेलीं पावलें तेवढीं दिसतात. इतका वेळ संगीतानें भरलेला चित्रपट शेवटीं मुका होतो. दुःख मोठ्यानें सांगावें लागत नाहीं, हें दिग्दर्शकाला पक्कें ठाऊक आहे.

आतां दुसऱ्या प्रकारचा चित्रपट पाहूं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला, तेथें त्याला दोन मोठे पुरस्कार मिळाले, आणि त्या वर्षींचा उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. यांत नारायण कांबळे नांवाचा वृद्ध लोकशाहीर आहे. तो मुलांची शिकवणी घेतो आणि रस्त्यावर जलसे करतो. गटारांत उतरणारा एक कामगार मरतो. आणि शाहिरानें गायिलेल्या गाण्यामुळें त्यानें आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिराला पकडतात. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनीं केली होती. २०२१ सालीं करोनाच्या साथींत ते वारले.

या चित्रपटांत कोणी दुष्ट नाहीं. न्यायाधीश शांत आहेत, सरकारी वकील बाई घरीं जाऊन स्वयंपाक करतात, पोलीस आपले कागद पुरे करतात. तारखांमागून तारखा पडतात. मग त्या मृत कामगाराची बायको साक्षीस उभी राहते. गटारांत उतरण्यापूर्वीं नवरा आंत झुरळें आहेत कीं नाहींत हें पाहत असे, झुरळ बाहेर आलें तर आंत विषारी वायु नाहीं असें समजत असे, हें ती सरळ आवाजांत सांगते. आपल्या देशांत हातानें मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, आणि अधिक कडक कायदा २०१३ सालीं झाला. असें असूनही माणसाच्या जिवाची हमी एका झुरळावर ठेवलेली आहे, हें त्या साक्षींत कळतें. कोणी भाषण करीत नाहीं. कॅमेरा एका जागीं स्थिर राहतो, आणि न्यायाची संथ गति हाच अन्याय कसा होतो, हें आपल्या ध्यानांत येतें.

तिसरा प्रकार माहितीपटाचा. कथेचा चित्रपट रचलेला असतो. माहितीपटांत घडत असलेली गोष्ट टिपलेली असते. म्हणून त्याला वाट पाहावी लागते. ११ जुलै १९९७ रोजीं मुंबईंत घाटकोपरच्या रमाबाई नगरांत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व १० माणसें मेलीं. कांहीं दिवसांनीं विलास घोगरे या लोकशाहिरानें आपल्या झोपडींत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या एका चित्रपटांत घोगरे गायिले होते. पटवर्धनांनीं तेव्हांपासून कॅमेरा हातीं धरला, तो ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ सालीं पुरा होईतों ठेवला नाहीं. म्हणजे १४ वर्षें! या चित्रपटांत गाणें हाच इतिहास आहे. ज्यांच्या हातीं लेखणी उशिरा आली, त्यांनीं आपला इतिहास डफावर ठेवला होता. तो येथें ऐकूं येतो. पटवर्धन त्या वस्तींत जन्मले नाहींत. परंतु चौदा वर्षें तेथें येत-जात राहणाऱ्याला पाहुणा म्हणतां येत नाहीं.

सोमनाथ वाघमारे यांचा कोरेगांवचा माहितीपट याच जातीचा. पुढें त्यांनीं दादरला ६ डिसेंबरास लोटणाऱ्या जनसागरावर ‘चैत्यभूमि’ हा चित्रपट केला. कोरेगांवच्या लढाईचा अर्थ काय, याविषयीं इतिहासाचे अभ्यासक एकमत नाहींत. ती दोन सत्तांमधील लढाई होती, असें कांहीं म्हणतात. तींत जातीच्या जुलुमाविरुद्धचा रोष होता, असें कांहीं म्हणतात. हा वाद अभ्यासकांनीं कागदपत्रांवरून करावा. चित्रपट दुसरी गोष्ट दाखवितो. दोनशें वर्षांपूर्वींच्या एका दगडापाशीं माणसें आज कां येतात, हें तो दाखवितो, आणि त्याला पुराव्याची गरज नाहीं. तीं माणसें हाच पुरावा. २०१८ च्या १ जानेवारीस या भागांत दंगा पेटला, एका तरुणाला प्राणास मुकावें लागलें, आणि आमच्या तालुक्यांतील शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अविश्वासाची भिंत उभी राहिली. त्यानंतर देशभर कोरेगांव म्हटलें म्हणजे दंगा, एवढेंच लोकांना आठवूं लागलें. हा माहितीपट त्यापूर्वींचा. म्हणून त्याचें मोल अधिक.

श्रोतेहो, असे चित्रपट केवळ आपल्याकडेच होतात असें नव्हे. ज्या समाजाची भूमि, घर किंवा मान हिरावला गेला आहे, त्या त्या समाजांतून आज कॅमेरा धरणारे हात पुढें येत आहेत. पॅलेस्टाईनचें उदाहरण घ्या. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली, त्या युद्धकाळांत सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरबांना घरेंदारें सोडावीं लागलीं. ती हकीकत जगाला बातम्यांतून आणि आंकड्यांतून कळत होती. आतां ती त्यांच्या चित्रपटांतून कळते. ‘फर्हा’ या २०२१ च्या चित्रपटांत एका मुलीला तिचा बाप कोठीच्या खोलींत कोंडून ठेवतो, आणि तिच्या गांवाचा नाश ती दाराच्या फटींतून पाहते. ‘द प्रेझेंट’ हा २०२० चा लघुपट अवघ्या २४ मिनिटांचा. बायकोला भेट म्हणून शीतकपाट आणावयास एक बाप छोट्या मुलीसह निघतो. आणि जातांयेतां तपासणीच्या नाक्यावर मुलीदेखत त्याची जी मानखंडना होते, तेवढीच त्याची गोष्ट. मला ‘फँड्री’चा कचरू आठवला. मुलासमोर बापाचा अपमान हा जगांत कोठेंही सारखाच दिसतो.

बिलीन नांवाच्या खेड्यांतील इमाद बर्नात या शेतकऱ्यानें २००५ सालीं चौथा मुलगा झाला म्हणून त्याच्या आठवणी टिपावयास कॅमेरा घेतला. त्याच सुमारास गांवच्या ऑलिव्हच्या शेतांतून कुंपण जाऊं लागलें आणि गांवकऱ्यांनीं विरोध मांडला. मुलाचें रांगणें आणि गांवाचा लढा, दोन्ही त्या कॅमेऱ्यांत आलीं. एकामागून एक पांच कॅमेरे फुटले. म्हणून चित्रपटाचें नांवही ‘पांच फुटलेले कॅमेरे’ अशा अर्थाचें आहे. तो त्यानें गाय डेव्हिडी या इस्रायली दिग्दर्शकाबरोबर २०११ सालीं पुरा केला. तसाच २०२४ चा ‘नो अदर लँड’. लष्करी सरावाची जागा म्हणून जाहीर झालेल्या मसाफर यत्ता या डोंगराळ भागांतील खेडीं पाडलीं जात असतांना बासेल अद्रा हा तेथील तरुण आणि युवल अब्राहम हा इस्रायली पत्रकार यांनीं दोन सोबत्यांसह तो केला. २०२५ सालीं त्याला माहितीपटाचें ऑस्कर मिळालें. त्यांत शाळा पाडण्याचें दृश्य आहे. ज्यानें चाळीस वर्षें शाळेची घंटा वाजविली, त्याला तें दृश्य बसून पाहवत नाहीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. इस्रायलांत आपले बेने इस्रायल बंधु आहेत. कोंकणांतून आणि मुंबईहून गेलेल्या या लोकांच्या जुन्या पिढीनें घरांत मराठी जपली आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यांत इस्रायलांत सुमारें १२०० माणसें मेलीं, आणि त्यानंतरच्या युद्धांत गाझामध्यें हजारों मुलें मेलीं. एका बाजूचें दुःख मोजतांना दुसऱ्या बाजूचें पुसून टाकावें, असें मी म्हणत नाहीं. उलट, मीं वर सांगितलेले दोन्ही माहितीपट दोन्ही बाजूंच्या माणसांनीं एकत्र बसून केलेले आहेत, हीच त्यांतली शिकवण होय. अन्याय सोसणारा आणि ज्याच्या नांवानें तो अन्याय होतो तो, असे दोघे एकच कॅमेरा धरूं शकतात.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. माझे एक वृद्ध स्नेही म्हणतात, “जुन्या जखमा उकरून काय मिळतें? मुलें एका बांकावर बसूं लागलीं आहेत. हे चित्रपट त्यांना पुन्हां जात शिकवितील.” हा आक्षेप वरवरचा नाहीं. २०१८ नंतर आमच्या भागांत लोक असल्या विषयावर बोलावयास भितात, हें खरें आहे. पण मी त्यांना उलट विचारतों: जखम बरी झाली आहे, हें कोणी ठरविलें? ज्याला झाली त्यानें, कीं ज्याला दिसत नाहीं त्यानें? माझ्या वर्गांत मुलें एका बांकावर बसत होतीं. मीही तेव्हां समाधानांत होतों. आणि त्याच वर्गांतला एक मुलगा यादी वाचण्याच्या दिवशीं घरीं राहत होता. जात त्याला चित्रपटानें शिकविली नाहीं, मीं शिकविली.

मात्र चित्रपटालाही मर्यादा आहेत. रडून बाहेर आल्यानें आपलें कर्तव्य संपलें, असें वाटूं लागलें तर त्या अश्रूंनीं नुकसानच होतें. शिवाय चित्रपट एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यावरून साऱ्या समाजाचा अंदाज बांधूं नये. सगळे कैकाडी कचरूसारखे नसतात, आणि सगळे पाटील ‘सैराट’मधल्यासारखे नसतात. म्हणून पाहून झाल्यावर वाचलें पाहिजे, विचारलें पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ज्यांची ती गोष्ट आहे त्यांच्यापाशीं जाऊन बसलें पाहिजे.

शाळांतील माझ्या तरुण सहकाऱ्यांस एक विनंति आहे. वरच्या वर्गांतील मुलांना ‘फँड्री’ दाखवा. दाखविण्यापूर्वीं व्याख्यान देऊं नका, आणि संपल्यावर लगेच प्रश्नही विचारूं नका. मुलांना गप्प राहूं द्या. मग दोन दिवसांनीं त्यांना एवढेंच लिहावयास सांगा कीं, यांतील कोणाच्या जागीं आपण होतों असें तुम्हांला वाटलें. जब्याच्या, शालूच्या, हंसणाऱ्या मुलांच्या, कीं मास्तरांच्या? आणि तीं उत्तरें वर्गांत मोठ्यानें वाचूं नका. यादी मोठ्यानें वाचण्याचा परिणाम काय होतो, तो मीं सांगितलाच आहे.

गेल्या वर्षीं मी प्रथमच पेरण्याच्या थांब्यावर उतरलों. जानेवारीचा पहिला दिवस नव्हता; साधा कामाचा वार होता, आणि स्तंभापाशीं फारसें कोणी नव्हतें. शिळेवरचीं नांवें मीं सावकाश वाचलीं. मास्तराची संवय, तोंडानें पुटपुटत वाचलीं, हजेरी घ्यावी तशीं. दोनशें वर्षांपूर्वीं माझ्याच शिरूरहून रात्रीं निघालेले ते शिपाई. आपलीं नांवें पुढें कोणी अशीं वाचील, असें त्यांना वाटलें नसेल. त्यांना मीं उभें राहावयास सांगितलें नाहीं. या वेळीं मीच उभा होतों.